फणा न काढणारा साप

पावसाळा सुरू झाला की डोंबिवली-कल्याणच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पार्किंगमध्ये, जिन्याखाली, नाहीतर पाण्याच्या मीटरच्या पेटीत कुठलातरी साप. फोटो धूसर असतो आणि खाली पहिला प्रश्न ठरलेला, "कोब्रा आहे का?" मग कुणीतरी झूम करून बघतं आणि लिहितं, "नाही, फणा दिसत नाही." ग्रुप शांत होतो.

फणा नाही म्हणजे धोका नाही, हा हिशोब आपल्या डोक्यात फार पक्का बसलाय. सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या एका नावाजलेल्या शास्त्रज्ञानं जवळपास हाच हिशोब केला होता. त्याची चूक ज्या कामामुळे उघडी पडली, त्यातला मोठा वाटा आपल्या परळचा आहे. आणि साठच्या दशकात कल्याण तालुक्यातल्या एका गावात हाच हिशोब आमच्या घरानं केला. त्याची किंमत माझ्या आजीच्या धाकट्या भावानं मोजली. आज या दोन्ही गोष्टी सांगतो. पण सुरुवात करू या 'कोब्रा' या शब्दापासून, कारण त्याचा रस्ता आपल्याच खाडीवरून जातो.

शब्द त्यांचा, नाव आपलं

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. ठाणेही त्यात गेलं. पुढची दोनशे वर्षं ठाण्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. आज जिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला त्यांनीच बांधायला घेतला होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई.

या दोनशे वर्षांत पोर्तुगिजांनी इथल्या किनाऱ्यावर फणा काढणारा साप पाहिला. त्यांच्या भाषेत कुठल्याही सापाला 'कोब्रा'च म्हणतात. धामणही कोब्रा, दिवडही कोब्रा. मग या सापाला वेगळं कसं म्हणायचं? तर 'कोब्रा दे कापेलो', म्हणजे टोपीवाला साप. इंग्रजांनी हा शब्द उचलला, आणि पुढे त्यातली टोपी गळून पडली. ज्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'साप' आहे, तो शब्द जगभर एका ठराविक सापाचं नाव होऊन बसला.

गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य त्या काळात गोव्यात राहायचा. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडानं मिळालेलं होतं. १५६३ मध्ये त्यानं इथल्या औषधांवर एक पुस्तक गोव्यातच छापलं. त्यात या टोपीवाल्या सापाचा आणि मुंगसाशी होणाऱ्या त्याच्या झुंजीचा उल्लेख आहे. मुंगूस एक मुळी खातं म्हणून त्याला विष बाधत नाही, ही समजूतही त्यात आहे. साडेचारशे वर्षं झाली, ती मुळी आजही आपल्याकडे लोक सांगतात. खरं कारण मुंगसाची चपळाई आणि त्याच्या शरीराची ठेवण. नागाचं विष नसांवर जिथे जाऊन चिकटतं, ती जागाच मुंगसात थोडी वेगळी असते.

गंमत पुढेच आहे. १७५८ मध्ये लिनियसनं या सापाला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'नाजा' हा शब्द वापरला. हा 'नाजा' आपल्या 'नाग' या शब्दावरूनच आलाय. आज त्याचं पूर्ण नाव 'नाजा नाजा', म्हणजे जवळपास नाग-नाग. जगातले शास्त्रज्ञ त्याला आपल्या नावानं ओळखतात आणि आपण त्याला पोर्तुगीज नावानं!

आपल्याकडे नाग किती प्रकारचे?

गावाकडे विचारलं तर दोन-तीन प्रकार तरी सांगतील. काळपट असेल तर डोम्या, गव्हाच्या रंगाचा असेल तर गव्हाळ्या. कुणाच्या फण्यावर दहाचा आकडा ठळक दिसतो, कुणाच्या पुसट, कुणाच्या अजिबात नाही. पण ठाणे, कल्याण, अंबरनाथ, येऊर कुठेही जा, हे सगळे एकाच जातीचे आहेत. तोच नाजा नाजा. रंग आणि आकडा प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, एवढंच.

फणा असलेले दुसरे साप भारतात आहेत, पण आपल्या भागात नाहीत. बंगाल आणि ईशान्येकडे एकाच गोल खुणेचा नाग सापडतो. अंदमानचा नाग वेगळा, वायव्येकडचा वेगळा. आणि नागराज, म्हणजे किंग कोब्रा, हा तर या नागांच्या कुळातलाच नाही. नाव सारखं, फणाही आहे, पण घराणं वेगळं. तो मुख्यतः दुसरे साप खातो, त्याची मादी पाचोळा गोळा करून घरटं बांधते. महाराष्ट्रात त्याचं घर म्हणजे पार दक्षिणेचं टोक, तिलारी-दोडामार्गकडचं जंगल. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ज्याला आपण एक किंग कोब्रा समजत होतो, त्या चार वेगवेगळ्या जाती आहेत. पश्चिम घाटातल्या जातीला त्यांनी कन्नडमधलं नाव दिलं, 'कालिंगा'.

फणा म्हणजे काय, तर मानेतल्या लांब बरगड्या छत्रीच्या काड्यांसारख्या फाकवून ताणलेली कातडी. 'लांब राहा' हे सांगायची ती पद्धत आहे. नाग अंड्यातून बाहेर पडतो तेव्हापासून त्याला ती येते. बिनविषारी दिवडसुद्धा चिडली की मान चपटी करते आणि नाग समजून मारली जाते.

उलट बाजूला बघा. आपल्या भागात माणसं मारू शकणारे साप प्रामुख्यानं चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातल्या तिघांना फणा नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. फुरसे अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून आवाज करतं. मण्यार यातलं फारसं काहीच करत नाही. ती रात्री फिरते, उंदीर आणि दुसरे साप शोधत घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते.

तरी सापाची गोष्ट म्हटली की आपण नागच घेतो. 'कोब्रा इफेक्ट'चे रील तुम्ही पाहिले असतील. दिल्लीत इंग्रजांनी मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, मग लोक नाग पाळायला लागले, वगैरे. हे नाव एका जर्मन अर्थतज्ज्ञाच्या २००१ च्या पुस्तकामुळे पसरलं, पण दिल्लीच्या त्या किश्श्याला त्या काळातला भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही. नोंद आहे ती आपल्या कोकणातली. १८६२ मध्ये रत्नागिरीत सरकारनं बक्षीस लावलं आणि आठ दिवसांत १ लाख १५ हजारांहून जास्त मेलेले साप जमा झाले. ते नाग नव्हते, फुरशी होती. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, फणा नसलेला साप. पण रीलमध्ये येतो नागच.

एका औषधात सगळे साप

आता त्या शास्त्रज्ञाची गोष्ट. आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर १८९१ मध्ये व्हिएतनाममधल्या सायगावला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू करायला गेला. त्याच वर्षी तिकडच्या एका गावात पूर आला आणि पाण्याबरोबर नाग घरांमध्ये शिरले. बऱ्याच लोकांना चावले, चौघं गेले. कुणीतरी त्यातले जिवंत नाग पकडून पिंपात भरून काल्मेतकडे पाठवले. त्याचं संशोधन तिथून सुरू झालं.

कल्पना अशी होती. प्राण्याला विषाचा अगदी थोडा डोस द्यायचा, मग हळूहळू वाढवायचा. त्याचं शरीर विषाशी लढायला शिकतं. मग त्याच्या रक्तातला तो लढणारा भाग काढून, साप चावलेल्या माणसाला द्यायचा. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये दोन ठिकाणच्या संशोधकांनी हे शक्य असल्याचं जाहीर केलं. त्यात काल्मेत होता. पुढे फ्रान्समध्ये लील शहरात त्यानं घोड्यांपासून हे औषध तयार केलं. सर्पदंशावर त्याआधी जळता निखारा, मोहरा, मंत्र असे उपाय चालायचे. आता पहिल्यांदाच खरं औषध आलं, आणि आजही आपण जे वापरतो ते याच पद्धतीचं आहे.

पण काल्मेतनं एक दावा केला. मुख्यतः नागाच्या विषापासून बनवलेलं आपलं औषध सगळ्याच विषारी सापांवर चालेल, असं तो म्हणाला. विष म्हणजे विष, नागाचं सगळ्यात जहाल, ते उतरलं की बाकीची उतरणारच.

हे औषध हिंदुस्थानात आलं. इथे नागाबरोबर घोणसही होती. आणि इथे परळ होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला सरकारनं बोलावलं. १० जानेवारी १८९७ ला त्यानं आपल्या लसीचा पहिला डोस स्वतःलाच टोचून घेतला. १८९९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेला परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस मिळालं. तिचं नाव प्लेग रिसर्च लॅबोरेटरी. १९२५ पासून हीच हाफकिन इन्स्टिट्यूट.

प्लेगसाठी उभी राहिलेली ही जागा सापांच्या विषाच्या कामालाही आली. जॉर्ज लॅम्ब हा लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. १९०२ च्या सुमारास तो इथे घोणशीच्या विषावर काम करत होता. पुढच्या दोन वर्षांत त्यानं जे मांडलं ते थोडक्यात असं. नागाच्या विषावर बनवलेलं औषध नागाच्या विषाला थोपवतं. घोणशीच्या विषापुढे त्याचा काही उपयोग नाही.

कारण दोन्ही विषांचं काम वेगळं आहे. नागाचं विष नसांवर जातं. पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. घोणशीचं विष रक्तावर जातं. रक्त गोठायची ताकदच जाते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंड निकामी होतं. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. ऑस्ट्रेलियातही त्याच काळात तिथल्या सापांवर असाच निष्कर्ष निघाला.

यातून रस्ता एकच उरला. ज्या देशात जे साप, त्या सगळ्यांच्या विषांवर मिळून औषध बनवायचं. भारतात पुढे असं एकत्र औषध आलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एक. परळच्या हाफकिनमध्येही ते बनायला लागलं. आजही सरकारी रुग्णालयात जी बाटली फोडली जाते, ती या चौघांवरचीच. म्हणूनच फणा असूनसुद्धा नागराजावर ती चालत नाही. त्याचं औषध थायलंडमध्ये बनतं.

आमच्या घरातली रात्र

आता घरची गोष्ट. आजी नागपंचमीला पाटावर हळद-चंदनानं नाग काढायची. मोठे, लहान, वेटोळं घातलेले. त्या दिवशी घरात सुरी नाही, तवा नाही. मी लहान असताना एकदा पाटावर बिनफण्याचा साप काढला. तिनं तो बोटानं पुसून टाकला आणि काही न बोलता आत गेली. कारण मला आईनं नंतर सांगितलं.

आजीचा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा होता. आवणीचे दिवस. घरात सगळे खाली घोंगडीवर झोपलेले. मध्यरात्री उठून तो म्हणाला, पोटात दुखतंय. आईनं ओवा दिला. थोड्या वेळानं म्हणाला, घसा आवळल्यासारखा होतोय. कुणीतरी म्हणालं, काही चावलं तर नाही? कंदील धरून अंग बघितलं. खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. अंथरूण झटकलं, कोपरे बघितले. शेजारचा एक जाणता माणूस म्हणाला, "नाग असता तर फुत्कार ऐकू आला असता, फणा दिसला असता. हे अपचन आहे." सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. तेव्हा भगताला बोलावलं. उजाडायच्या आत तो गेला. सकाळी घोंगडीच्या घडीत मण्यार सापडली.

मण्यारीचा दंश असाच असतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही. पोटात दुखणं हे बऱ्याचदा पहिलं लक्षण. त्या काळात परळला चारही सापांवरचं औषध तयार होत होतं. आमच्या गावापासून कल्याण स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, आणि कल्याणहून परळ रेल्वेनं पन्नास किलोमीटरच्या आत. आमच्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं हे खरंच. पण त्याहीआधी अडलं ते दुसरीकडेच. सगळे फणा शोधत होते.

काल्मेत आणि आमचा तो शेजारी यांची तुलना मी करत नाही. एक पाश्चरच्या परंपरेतला शास्त्रज्ञ, दुसऱ्यानं शाळा पाहिली नव्हती. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच साप होता. काल्मेतला दुरुस्त करायला प्रयोगशाळा होती. आमच्या घराला दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

मग आज काय बदललं?

बरंच बदललं आणि बरंच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. चारातला एक पंधरा वर्षांच्या आतला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायची योजना जाहीर केली.

औषधाची गोष्टही संपलेली नाही. देशातल्या औषधासाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली, उंदीर-साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेल्या लोकांची. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय की एकाच जातीच्या नागाचं विषही प्रांताप्रांतात बदलतं. तामिळनाडूतल्या नागाच्या विषावरचं औषध दुसरीकडच्या नागावर तितकंच चालेल असं नाही. लॅम्बनं सांगितलं होतं, सगळे साप एक नाहीत. आता कळतंय की सगळे नागसुद्धा एक नाहीत. म्हणून आपापल्या भागातल्या सापांचं विष घेऊन औषध बनवायचे प्रयत्न सुरू आहेत.

तोवर आपल्या हातात काय? हे मात्र नीट ऐका.

साप कुठला आहे हे ओळखणं तुमचं काम नाही. चार सापांवर एकच बाटली बनवली, त्याचा मोठा फायदा हाच. साप पकडू नका, मारू नका, फोटोसाठी त्याच्या मागे धावू नका. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही दंश होतो. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. पापण्या बघतात, श्वास बघतात, सूज बघतात. घोणस-फुरशाचा संशय असेल तर थोडं रक्त काचेच्या साध्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तावर गेलंय. शंभर रुपयांचंही यंत्र लागत नाही.

चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका, काठी-पट्टी लावून स्थिर ठेवा. अंगठी, कडं, पैंजण काढा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. जिथे अँटीव्हेनम आहे आणि श्वासासाठी व्हेंटिलेटरही आहे, असं रुग्णालय गाठा. तुमच्या घराजवळ असं रुग्णालय कुठलं, हे आजच चौकशी करून नंबर सेव्ह करून ठेवा. रात्री दोन वाजता शोधू नका. आणि पावसाळ्यात खाली झोपलेलं कुणी अपरात्री उठून पोट दुखतंय, गिळता येत नाहीये, डोळे जड झालेत असं म्हणालं, तर खूण शोधत बसू नका. सरळ निघा.

साप घरात दिसला, कुणाला चावला नाही, तर लांबून नजर ठेवा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं नागाला संरक्षण आहे. आणि तो आपल्याकडे येतो ते उंदरांसाठी. उंदीर येतात आपण जिन्याखाली टाकलेल्या कचऱ्यासाठी.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. नागपंचमीला पाटावर नाग आता आई काढते. गेल्या वर्षी मी शेजारी एक साप काढला. काळा, अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा, फणा नाही. आईनं बघितलं, पुसला नाही. त्याच्यावरही दोन फुलं ठेवली.

हा भाग तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी कुणी "फणा दिसत नाही" असं लिहिलं, की निदान एक जण तरी उत्तर देईल. भेटू पुढच्या भागात.